वाढदिवशी भेटी वाटणारी माणसं

श्रोतेहो, नमस्कार.

आज मी तुमच्याशी हॉबिट लोकांबद्दल बोलणार आहे. उंची दोन ते चार फूट. पावलांवर तपकिरी, कुरळे केस आणि तळवे इतके टणक की पायात काही घालायची गरजच पडत नाही. मिळालं तर दिवसातून सहा वेळा जेवतील, आणि समोरच्यालाही आग्रह करकरून वाढतील. ऑक्सफर्डचे प्राध्यापक जे. आर. आर. टोल्किन यांनी ही माणसं कल्पनेतून उभी केली. २१ सप्टेंबर १९३७ रोजी ‘द हॉबिट’ प्रसिद्ध झालं, आणि १९५४-५५ मध्ये ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ तीन खंडांत आलं. ज्यांनी ही पुस्तकं अजून वाचलेली नाहीत त्यांना आधीच सांगून ठेवतो, पुढच्या बोलण्यात कथेतल्या बऱ्याच गोष्टी उघड होणार आहेत.

या जगात एल्फ आहेत, बुटके आहेत, जादूगार आहेत. त्या सगळ्यांत हॉबिट साधे. त्यांना जादू येत नाही, राज्यं जिंकायची हौस नाही, आणि पाणचक्की किंवा हातमाग याहून गुंतागुंतीचं यंत्र त्यांना नको असतं. टोल्किन त्यांना माणसाचे नातलगच मानतात. त्यांच्या मुलखाचं नाव शायर. तिथे मेयर सात वर्षांनी निवडला जातो आणि मेजवान्यांना अध्यक्ष म्हणून बसणं हे त्याचं मुख्य काम. सगळ्या मुलखात मिळून बारा शिपाई, टोपीत खोचलेलं पीस हाच त्यांचा गणवेश, आणि माणसांपेक्षा भटक्या गुरांमागे धावण्यातच त्यांचा वेळ जायचा. मृत्युपत्रावर मात्र सात साक्षीदारांच्या सह्या हव्यात, आणि त्याही लाल शाईत. टोल्किन यांच्या लहानपणाची काही वर्षं बर्मिंगहॅमजवळच्या सेअरहोल या खेड्यात गेली. शायर म्हणजे साधारण राणी व्हिक्टोरियाच्या हीरक महोत्सवाच्या वेळचं, म्हणजे १८९७ च्या सुमाराचं वॉरविकशायरमधलं खेडं, असं त्यांनीच एका पत्रात म्हटलं आहे.

या लोकांची एक रीत मला फार मोलाची वाटते. माझं तर म्हणणं आहे की ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधली जादूच्या अंगठीची ती एवढी मोठी कथा याच रीतीवर तोललेली आहे. हॉबिट स्वतःच्या वाढदिवशी दुसऱ्यांना भेटी देतात.

या भेटी फार महागाच्या नसतात. हॉबिटन आणि बायवॉटर या गावांत वर्षातल्या प्रत्येक दिवशी कोणाचा ना कोणाचा वाढदिवस असतोच, त्यामुळे आठवड्यातून एखादी तरी भेट प्रत्येकाच्या पदरात पडते. ज्या वस्तूचा तूर्त उपयोग नाही, पण टाकवतही नाही, तिला ते मॅथम म्हणतात. मॅथम या घरातून त्या घरात जात राहतात, आणि त्यांचं एक संग्रहालयसुद्धा आहे. ‘द हॉबिट’चा नायक बिल्बो बॅगिन्स याने मिथ्रिल धातूचं चिलखत प्रवासातून आणलं होतं, तेही त्याने या संग्रहालयात ठेवायला दिलं. जादूगार गँडाल्फ पुढे सांगतो की त्या एका चिलखताची किंमत अख्ख्या शायरपेक्षा जास्त होती. आणि ते तिथे धूळ खात पडलं होतं!

आता अशा माणसांच्या हाती ती अंगठी येते. तिचा स्वभाव याच्या अगदी उलट. ज्याच्या हाती ती पडते त्याला ती दुसऱ्याला द्यावीशी वाटत नाही. एकाकडून दुसऱ्याकडे ती जाते ती चोरीने, खुनाने किंवा हरवून. देणं हा ज्यांचा सण, त्यांच्याच खिशात टोल्किन यांनी ही वस्तू ठेवली. हे सहज घडलंय असं मला वाटत नाही.

हॉबिटांच्या जवळच्या कुळातला स्मीगल आठवा. तो आणि त्याचा मित्र डीगल नदीवर जातात, डीगलला तळाच्या चिखलात अंगठी सापडते. स्मीगल म्हणतो, आज माझा वाढदिवस आहे, ती मला दे. डीगल सांगतो, तुला मी भेट आधीच दिली आहे, माझ्या ऐपतीबाहेरची दिली आहे, ही मी ठेवणार. स्मीगल त्याचा गळा दाबतो. याच स्मीगलचा पुढे गॉलम होतो, आणि अंगठीला तो आयुष्यभर आपली वाढदिवसाची भेट म्हणत राहतो. खून पचवायला त्याने त्या सणाचाच आधार घेतला.

इथे एका वाचकाने टोल्किन यांना पत्रातून अडवलं होतं. हॉबिट वाढदिवशी भेटी देतात ना, मग गॉलम भेट मागतो कशी? टोल्किन यांनी उत्तराचा भलामोठा मसुदा लिहिला. वाढदिवशी देणं आणि घेणं या दोन्ही रीती, घेण्याच्या रीतीचा नातेसंबंधांशी असलेला जुना संबंध, स्मीगलच्या कुळातले निराळे आचार, हे सगळं त्यात त्यांनी मनापासून समजावलं आहे. आपण कल्पिलेल्या माणसांच्या चालीरीतींबद्दल लेखकाने इतकं बांधील असावं, याचा मला फार आदर वाटतो.

आता बिल्बोकडे वळू. गॉलमकडून हरवलेली अंगठी पुढे त्याला सापडली होती. शायरच्या कालगणनेप्रमाणे वर्ष १४०१, सप्टेंबरची २२ तारीख. बिल्बोला १११ वर्षं पूर्ण होत आहेत. त्याच दिवशी त्याचा वारस फ्रोडो ३३ वर्षांचा, म्हणजे हॉबिटांच्या हिशेबाने सज्ञान होतोय. दोघांच्या वयांची बेरीज १४४, म्हणून खाशा पंगतीला १४४ पाहुणे. भेटींचा नुसता पाऊस. वाचताना आपल्याला ही हौस वाटते, म्हाताऱ्याचा श्रीमंती थाट वाटतो. नंतर बिल्बो स्वतःच गँडाल्फला कारण सांगतो: एवढ्या भेटी एकदम द्यायच्या, म्हणजे त्या ओघात अंगठीही देऊन टाकणं सोपं जाईल. त्याच्या समाजाने त्याला देण्याची जी एक सवय लावली होती, तेवढंच हत्यार त्याच्याकडे होतं, आणि त्याने तेच वापरलं.

ते सोपं गेलं नाही. अंगठी एका पाकिटात घालून ते फायरप्लेसवरच्या फळीवर ठेवायचं असं ठरलेलं. बिल्बो निघायची तयारी करतो, आणि पाकीट त्याच्या खिशातच! गँडाल्फ आठवण करून देतो तेव्हा तो चिडतो, अंगठी माझी आहे म्हणतो, गॉलमचेच शब्द त्याच्या तोंडी येतात. शेवटी तो पाकीट बाहेर काढतो, घड्याळाजवळ ठेवायला जातो, तेवढ्यात हात झटक्यासरशी मागे येतो आणि पाकीट खाली पडतं. त्याने ते उचलायच्या आत गँडाल्फ वाकून उचलतो आणि फळीवर ठेवतो. क्षणभर बिल्बोच्या चेहऱ्यावर संताप उमटतो, मग तो सुटल्यासारखा हसतो आणि गाणं गुणगुणत वाटेला लागतो. अंगठी बाळगणाऱ्यांपैकी आपणहून ती सोडणारा हा पहिलाच, असं गँडाल्फ पुढे फ्रोडोला सांगतो. लढाया, किल्ले, राजे या कथेत पुष्कळ आहेत. माझ्या मते या पुस्तकातला सर्वांत अवघड पराक्रम त्या बैठकीच्या खोलीत, एका म्हाताऱ्या हॉबिटने केला.

दुसऱ्या दिवशी फ्रोडो भेटी वाटायला बसतो. काहींवर बिल्बोने नावानिशी चिठ्ठ्या लावल्या आहेत. ॲडेलार्ड टूकला छत्री, कारण आजवर त्याने बिल्बोच्या कितीतरी छत्र्या न विचारता नेल्या होत्या. पत्रांना कधी उत्तर न देणाऱ्या मायलोला सोन्याचं पेन आणि दौत. पुस्तकं नेऊन परत न करणाऱ्या ह्यूगोला पुस्तकांचं रिकामं कपाट. आणि लोबेलिया सॅकव्हिल-बॅगिन्सला चांदीच्या चमच्यांची पेटी, कारण घरातले बरेच चमचे तिनेच लांबवले असा बिल्बोचा संशय होता. चिमटे आहेतच त्यात. पण अपराध करणाऱ्यालाही भेट मिळते, आणि तीही खरीखुरी, चांदीची. गरीब शेजाऱ्यांना मिळालेल्या वस्तू तर बिनचिमट्याच्या, उपयोगाच्या होत्या, हेही टोल्किन आवर्जून सांगतात.

पुढची कथा तुम्हाला ठाऊक असेल. चार हॉबिट मोठ्या युद्धातून घरी परततात तेव्हा शायर गुंडांच्या ताब्यात गेलेलं असतं, झाडं सरसकट तोडलेली असतात. बायवॉटरला लढाई होते, त्यात १९ हॉबिट मरतात. अंगठी नष्ट करायला निघालेल्या फ्रोडोबरोबर शेवटपर्यंत गेलेला माळी सॅम याच्याकडे गॅलाड्रिएल या एल्फ स्त्रीने दिलेली एक छोटी लाकडी पेटी असते, त्यात तिच्या बागेतली माती आणि एक चंदेरी बी. ती भेट माळ्याला त्याच्या बागेसाठी मिळालेली. सॅम काय करतो? मुलूखभर फिरतो. जिथे जिथे लोकांच्या आवडीचं झाड तोडलं गेलं तिथे नवं रोप लावतो आणि प्रत्येकाच्या मुळाशी त्या मातीचा एकेक कण घालतो. उरलेली चिमूट शायरच्या मध्याजवळच्या दगडापाशी जाऊन वाऱ्यावर सोडतो. बी लावतो तेही बिल्बोच्या त्या पार्टीच्या मैदानात, पूर्वीचं झाड जिथे होतं तिथे. हॉबिटाच्या हाती आलेली भेट घरात थांबत नाही.

आणि ती लोबेलिया. वर्षानुवर्षं बॅगिन्सांच्या घरावर डोळा ठेवून असलेली, अखेर ते विकत घेणारी बाई. गुंड आले तेव्हा हीच छत्री उगारून त्यांच्या अंगावर धावून गेली आणि तुरुंगात पडली. सुटून फ्रोडोच्या हाताचा आधार घेत बाहेर आली, तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवून जयजयकार केला. आयुष्यात पहिल्यांदाच कोणी तिचं कौतुक करत होतं. तिला रडू फुटलं. मुलगा मारला गेल्याचं कळल्यावर तिने ते घर फ्रोडोला परत दिलं आणि माहेरच्या माणसांत जाऊन राहिली. पुढच्या वसंतात ती वारली, वय शंभरच्या पुढे. मागे राहिलेला स्वतःचा आणि मुलाचा सगळा पैसा तिने फ्रोडोच्या नावे ठेवला होता, गुंडगिरीत बेघर झालेल्या हॉबिटांना घरं उभारायला मदत व्हावी म्हणून.

टोल्किन यांनी हे शेवटच्या प्रकरणाच्या सुरुवातीला मोजक्या ओळींत सांगितलं आहे, आणि शेवट गाठायच्या घाईत ते नजरेतून सहज निसटतं. पुस्तक घरी असेल तर तेवढं पान आज काढून वाचा.

नमस्कार.