यष्टीमागचे हात

पार्क स्टेडियमवर सकाळचे सात वाजले आहेत. कागदोपत्री हे इंदिरा गांधी स्टेडियम असले, तरी सोलापूरकरांच्या तोंडी त्याचे नाव पार्कच राहिले आहे. गोलंदाज आपल्या धावेची पावले मोजत आहेत, आणि सीमारेषेपलीकडे पायरीवर बसलेला हा यष्टिरक्षक मुलगा करंगळीला चिकटपट्टी गुंडाळतो आहे. आधी पट्टी, तिच्यावर पातळ इनर, म्हणजे आतले हातमोजे, आणि इनरवर रबरी तळव्याचे ग्लोव्हज, हा क्रम तो कधी चुकवत नाही. ग्लोव्हजमध्ये बोटांना जोडणारा पडदा चालतो तो केवळ अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये. बाकीची बोटे सुटीच हवीत, असा क्रिकेटचा नियम आहे.

गल्लीत संघ पाडताना ‘कीपिंग कोण करणार’ असे विचारले की सगळे दुसरीकडे पाहू लागतात. या मुलाने ती जागा मागून घेतली आहे.

आता त्याचे बसणे पाहा. तो उकिडवा बसला आहे, पण भार टाचांवर नसून चवड्यांवर आहे. बोटे जमिनीकडे, तळवे चेंडूकडे आणि नजर गोलंदाजाच्या हातावर आहे. चेंडूचा टप्पा पडेपर्यंत तो उठत नाही आणि टप्प्यानंतर चेंडू जितका उसळेल तितकाच तोही वर येतो, कारण आधी उठलेल्या कीपरच्या हातांखालून खाली राहिलेला चेंडू निघून जातो. पन्नास षटकांच्या डावात, वाइड आणि नोबॉल सोडूनही, ही उठबस ३०० वेळा होते.

चेंडू बॅटला हुकून आला की हात किंचित मागे सरतात आणि तो कठीण गोळा ग्लोव्हजमध्ये मऊ, बंद आवाज करून थांबतो. चेंडू तळव्याऐवजी बोटांवर बसला की तोच आवाज फुटतो, आणि ते सर्वांत आधी कीपरलाच कळते. त्याचे खरे समाधान या आवाजात आहे, असे आम्हाला चित्रीकरण करताना वाटत गेले. नीट टिपलेल्या चेंडूची नोंद वहीत होत नाही. सुटलेल्यावर धावा निघाल्या, तर त्यांची मात्र बाय म्हणून होते.

हा फिरकीचा चेंडू सावकाश पाहू. फलंदाज पुढे सरसावला आहे आणि लेगस्टंपबाहेरचा चेंडू त्याच्या अंगाआड क्षणभर दिसेनासा झाला आहे. तरीही ग्लोव्हज यष्टीच्या पुढे आलेले नाहीत. चेंडू बॅटला वा अंगाला न लागता यष्टीपार होण्याआधी ते पुढे आले, तर पंच नोबॉल देतात. चेंडू हातात, हात यष्टीवर, बेल्स हवेत. फलंदाजाचा पाय रेषेवर आहे, आणि रेषेवरचा पाय आत धरला जात नाही, म्हणून तो यष्टिचीत.

जानेवारी १९८८ मध्ये मद्रासला वेस्ट इंडीजविरुद्ध किरण मोरे यांनी एकाच कसोटीत सहा फलंदाज यष्टिचीत केले, आणि तो विक्रम ठरला; तो सामना मात्र नरेंद्र हिरवाणी यांच्या १६ बळींसाठीच ओळखला जातो.

वाकडी झालेली बोटे आणि दुखरे गुडघे या जागेबरोबर येतातच.

षटक संपले आहे. ग्लोव्हज काखेत धरून तो दुसऱ्या टोकाला पोहोचला आहे. बुटाच्या टाचेने मातीवर एक रेघ ओढतो आणि तिच्यामागे पुन्हा बसतो.