८०० युरोचं पायताण

कोल्हापुरी चपलेसाठी हे जे ठोकणं चाललंय ना, ते म्हशीचं कातडं. आधी पाण्यात भिजवायचं, मग दगडावर ठोकायचं, तेव्हा कुठं तळ घट्ट होतो. रंग लावलेला नाहीये हां, बाभळीची साल आणि हिरड्याच्या पाण्यात कातडं कमावतात, त्यातनं हा तपकिरी येतो.

कोल्हापूर, सुभाषनगर.

आता रापी बघा, म्हणजे कातडं कापायचं हत्यार. साच्याभोवती एकदाच फिरली, तळ कापून तयार. मग कान. तळाच्या थरांमध्ये दोन्ही बाजूंनी हे कान घालायचे, आरीनं भोकं पाडायची आणि चामड्याच्याच वादीनं शिवत जायचं, धागा नाही, खिळा नाही, पट्टा बसतो तो ह्याच कानांवर. घेताना जोडी उलटी करून बघत जा, वादीची शिवण दिसली पाहिजे.

आणि ही वेणी. हे काम बहुतेक घरांत बायकाच करतात, पोरीची वेणी घालावी तितक्या सहज. ह्या मावशींनी पूर्ण वेळ कॅमेऱ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

जून २०२५ ला मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा ह्या इटालियन कंपनीनं अगदी ह्याच धाटणीची चप्पल मॉडेलच्या पायात घातली आणि नाव दिलं नुसतं लेदर सँडल. कोल्हापुरीला २०१९ पासून जीआय, म्हणजे भौगोलिक ओळखीचं, मानांकन आहे, आपले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून, तरीही. बोंबाबोंब झाली, मग कंपनीनं मान्य केलं की प्रेरणा भारतीय कारागिरीची आहे, माणसं इथं पाठवली, आणि डिसेंबरमध्ये आपलं लिडकॉम आणि कर्नाटकचं लिडकर ह्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. इथल्या कारागिरांकडून २,००० जोड, एकेक साधारण ८०० युरोला विकायचा, म्हणजे ऐंशी हजार रुपयांच्या आसपास!

२,००० जोड काही सगळ्यांना पुरत नाहीत, बाकीच्या कारागिरांचं गिऱ्हाईक कोल्हापूरच्या चप्पल लाईन बाजारात घासाघीस करणारच, शेजारी रेक्झिनची 'कोल्हापुरी' त्याहून स्वस्त. सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारापर्यंतच्या चपलेवर जीएसटी ५ टक्के झालाय, तेवढंच बरं.

दोन्ही महामंडळं सरकारी आहेत. एका जोडीमागं ह्या हातांना किती मिळणार, ते आकड्यात सांगायला काय हरकत आहे? दुकानातली किंमत तर सगळ्या जगाला कळलीच आहे.