धुराड्याचा गळा आणि संगमरवरी चेहरा

महाबळेश्वरला एका ब्रिटिशकालीन बंगल्याची मोजमापे घेत होतो. दिवाणखान्यात मोठी फायरप्लेस होती, कित्येक वर्षांत न पेटलेली. आतल्या पोकळीत कुणीतरी पितळी घंगाळ ठेवलेले, वरच्या फळीवर घरच्या मंडळींचे फोटो. माझी विद्यार्थिनी टेप धरून थबकली आणि म्हणाली, "सर, हा आधी देव्हारा होता का?"

मला हा प्रश्न फार आवडला. दोन बाजूंना अर्धे खांब, त्यांवर आडवी पट्टी, त्यावर फळी आणि मध्ये कोनाडा. रूप देव्हाऱ्याचेच आहे. मग या कोनाड्यात देव म्हणून कोणाला बसवत असत, हे पाहायला आपण इंग्लंडात जाऊ, कारण हा कोनाडा तिथून आला.

आधी आत शिरू. जमिनीलगत दगडी शिळा. तिच्यावर लाकडाचे ओंडके टेकवायला लोखंडाचे दोन ठोकळे, खालून वारा खेळावा म्हणून. आपल्या चुलीत लाकडे सैल रचतात, त्यामागची अक्कल हीच. पुढे दगडी कोळसा आला तेव्हा या ठोकळ्यांचे काम संपले. कोळशाचे खडे त्यांवर राहणार कसे? त्यांच्या जागी लोखंडी जाळी बसली.

आगीच्या मागे भिंतीला टेकून बिडाचा एक जाड पाट उभा असे, त्याला फायरबॅक म्हणतात. हा पाट मागच्या विटा भाजू देत नाही आणि तापला की खोलीकडे ऊब फेकतो. दक्षिण इंग्लंडातल्या ससेक्समध्ये असे पाट ओतत. वाळू सपाट करायची, तिच्यात लाकडी फळी दाबून आकार उठवायचा, कडेला चक्क दोरखंड दाबून नक्षी काढायची आणि त्यात रस सोडायचा. मी पाटांची छायाचित्रे पाहतो तेव्हा कडेच्या त्या दोरीवरच नजर अडते. दोरी केव्हाच कुजून गेली, तिचा पीळ बिडात राहिला.

अशा बहुतेक पाटांवर राजचिन्हे नाहीतर सरदारांच्या ढाली. पण १६३६ सालच्या एका पाटावर ओतारी स्वतः उभा आहे. ब्रीड गावच्या भट्टीचा रिचर्ड लेनर्ड. हातात हातोडा, जवळ कुत्रा, बाजूला पेटलेली भट्टी, भोवती कामाची हत्यारे, आणि अक्षरांत नाव, धंदा, गाव. जिथे राजाची मुद्रा असायची तिथे एका कारागिराने स्वतःला ओतले. फायरप्लेसच्या साऱ्या इतिहासातली ही मला सर्वांत प्रिय वस्तू.

आता आगीच्या वर. इथे गळा असतो, म्हणजे धूर जिथून धुराड्यात शिरतो ती अरुंद जागा. जुन्या फायरप्लेसचे गळे एवढे रुंद होते की खोलीतली सगळी ऊब धुराबरोबर वर जाई. माणसाचे तोंड भाजायचे आणि पाठ गारठायची. १७९६ साली काउंट रमफर्डने यावर निबंध लिहिला. मूळचा अमेरिकेतला बेंजामिन थॉम्सन, बव्हेरियात नोकरी करून काउंट झालेला. त्याचे उपाय गवंड्याला एका दिवसात जमतील असे होते. पोकळी उथळ करा, बाजूच्या भिंती तिरप्या करा, मागची भिंत तोंडाच्या साधारण एक तृतीयांश रुंद ठेवा आणि गळा चार इंचांवर आणा. तिरप्या भिंतींवरून ऊब खोलीत परतली, गळ्यातून धूर जोराने ओढला गेला. पुढच्या काळातल्या फायरप्लेसच्या आतल्या बाजू तुम्हाला तिरप्या दिसतात, त्या यामुळे.

गळ्याच्या वर धुराची नळी. साधारण चौदा इंच बाय नऊ इंच. हाताने हवेत एवढी चौकट आखून पाहा. काजळी खरवडायला या नळीत लहान मुलांना चढवत. १७८८च्या कायद्याने आठ वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवायला मनाई केली, ती कुणी पाळली नाही. पुढे आणखी कायदे झाले, आणि प्रथा खऱ्या अर्थाने मोडली ती १८७५च्या कायद्यानंतर. मी फायरप्लेसची चित्रे दाखवतो तेव्हा नळीचा छेद आधी दाखवतो, नक्षी नंतर. नक्षीत परीसारखी गुबगुबीत मुले पुष्कळ असतात. नळीत चढणारा पोरगा तिथे कोरल्याचे मला कुठे आढळले नाही.

आता बाहेरचा चेहरा. उभे खांब, आडवी पट्टी, पट्टीच्या मधोमध एक कोरीव चौकट, वर फळी, आणि श्रीमंताघरी फळीच्या वर आरशाचा किंवा शिल्पाचा आणखी एक मजला. घरात पाऊल टाकलेल्या पाहुण्याची नजर ऊब शोधत इथेच येणार, हे मालकाला ठाऊक असे. म्हणून त्याला जे सांगायचे ते तो इथे कोरून घेई.

याचा आपल्याशी थेट संबंध असलेला नमुना लंडनमध्ये आहे. लेडनहॉल स्ट्रीटवर ईस्ट इंडिया कंपनीचे मुख्यालय होते. तिथल्या संचालकांच्या बैठकीच्या दालनासाठी १७३०च्या सुमारास मायकेल रिसब्रॅक या मूळच्या अँटवर्पच्या शिल्पकाराने संगमरवरी फायरप्लेस घडवली. वरच्या शिल्पपटात ब्रिटानिया देवी, म्हणजे स्त्रीरूपातले ब्रिटन, बसली आहे. तिच्यापुढे स्त्रीरूपातला हिंदुस्थान रत्नांची पेटी घेऊन आला आहे. मागे उंट आहे, सिंह आहे. कडेला थेम्स नदीचा देव, एक मजूर मालाचा गठ्ठा आवळतो आहे, दूर गलबते. फळीला दोन दाढीवाल्या पुरुषांनी खांदा दिला आहे. एकोणिसाव्या शतकातले एक वर्णन सांगते की हे ब्राह्मण म्हणून कोरले, पण दिसतात मात्र युरोपातल्या वृद्ध तत्त्ववेत्त्यांसारखे. १७३० म्हणजे पहिल्या बाजीरावाचा काळ. हिंदुस्थान कुणापुढे पेटी घेऊन उभा नव्हता. लंडनच्या त्या दालनात मात्र तो उभा राहून गेला होता.

माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे एक उत्तर मला या दगडात मिळते. इथे कोनाड्यावर ब्रिटानिया बसली होती, आणि नैवेद्य आपला होता.

१८३९ साली साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज पदच्युत झाले. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि सुमारे १४ वर्षे तिथे झगडले. कंपनीच्या भागधारकांच्या सभा लेडनहॉल स्ट्रीटच्या याच इमारतीत भरत, आणि रंगो बापूजी तिथे बोलले. महाराज १८४७ साली काशीत वारले, पुढच्या वर्षी सातारा खालसा झाले, तरी रंगो बापूजी लगेच परतले नाहीत. १८५३ साली परत आले. संचालकांच्या दालनात ते कधी या फायरप्लेससमोर उभे राहिले का, हे मला माहीत असते तर आज मी त्याच गोष्टीने सुरुवात केली असती. इमारत १८६१ साली पाडली. फायरप्लेस इंडिया ऑफिसात, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या हिंदुस्थान खात्यात, गेली आणि आज ब्रिटिश परराष्ट्र खात्याच्या वास्तूत आहे.

याच्या उलट एक कोनाडा वाइट बेटावर ऑस्बोर्न हाऊसमध्ये आहे. राणी व्हिक्टोरियाचे तिथले दरबार दालन भाई राम सिंग या पंजाबी कारागिराने १८९०च्या आसपास सजवले. त्याच्याबरोबर लॉकवुड किपलिंग होते, जे त्याआधी मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकवत. तिथल्या फायरप्लेसवर एक मोर आहे, पिसारा भिंतभर पसरलेला. दालन राणीचे, पण मोरावर हात राम सिंगचा, आणि तो ओळखू येतो.

शेवटी टॅटरशॉल. लिंकनशायरमध्ये पंधराव्या शतकातला विटांचा किल्ला. राजाचा खजिनदार राल्फ क्रॉमवेल याने तो बांधला आणि दगडी फायरप्लेसवर ढालींबरोबर आपल्या पदाची खूण, पैशाची थैली, कोरून घेतली. १९११ साली या फायरप्लेस भिंतीतून उपटून अमेरिकेला पाठवायच्या तयारीत होत्या. तेव्हा लॉर्ड कर्झनने किल्ला विकत घेतला, लंडनमध्ये फायरप्लेस शोधून काढल्या आणि परत आणून जागी बसवल्या. तोच कर्झन, ज्याची बंगालची फाळणी आपण विसरलेलो नाही. प्राचीन स्मारकांचा कायदा त्याने हिंदुस्थानात १९०४ सालीच केला होता. स्वतःच्या देशात तसा दमदार कायदा १९१३ साली आला, आणि त्याला निमित्त झाले या उपटलेल्या दगडांचे.

महाबळेश्वरच्या त्या बंगल्याचे नूतनीकरण आता सुरू होईल. मालकांनी फायरप्लेस काढून तिथे टीव्हीचे कपाट करायचे ठरवले होते. मी त्यांना विजेरी घेऊन कोनाड्यात वाकायला लावले. तिरप्या भिंती, अरुंद गळा आणि वर काळी नळी त्यांनी बराच वेळ पाहिली. कपाट समोरच्या भिंतीवर करायचे ठरले आहे.