खडीची वाट कुणी बांधली?

(पडदा काळा. फक्त आवाज: खडीवरून चाललेल्या टायरची खरखर. थोड्या वेळाने त्यात वारा मिसळतो.)

आधी हा आवाज ऐका. डांबरी रस्त्यावर सायकल जवळजवळ मुकी असते, खडीवर मात्र ती बोलायला लागते. मोकळी, मोठी खडी असली की खडखडते. दबून बसलेला चुरा असला की नुसती सळसळते. आणि ओल्या पीटच्या, म्हणजे कुजक्या वनस्पतींच्या मातीत चाक रुतलं की एकदम गप्प होते. नॉर्थ यॉर्क मूर्समध्ये चार दिवस सायकल चालवली, की खाली न बघताही कळायला लागतं, आपण कुणी बांधलेल्या वाटेवर आहोत ते.

(उजेड. दूरवर पसरलेला जांभळा माळ. एकच सायकलस्वार.)

इंग्लंडच्या ईशान्येला, उत्तर समुद्राला खेटून असलेलं हे राष्ट्रीय उद्यान. स्थापना १९५२ची, क्षेत्रफळ १,४३६ चौरस किलोमीटर. वरच्या उघड्या पठारांना इथे मूर म्हणतात. झाड नाही, आडोसा नाही, नजर पोचेल तिथपर्यंत हीथरची बुटकी झुडपं. वर्षभर तपकिरी दिसणारा हा माळ ऑगस्टमध्ये जांभळा होतो. खाली दऱ्यांमध्ये कुरणं आणि दगडी भिंती, दक्षिणेला आणि पूर्वेला सूचिपर्णी झाडांची दाट जंगलं. या सगळ्यातून कच्च्या वाटांचं जाळं गेलेलं आहे. आज आपण ज्या वाटांवरून जाणार आहोत, त्यातली एकही सायकलवाल्यांसाठी बांधलेली नव्हती.

सुरुवात चढापासून करू. याला इंगल्बी इन्क्लाइन म्हणतात. सव्वा किलोमीटरहून जास्त लांब, सरळ रेघेत वर गेलेला चढ. सगळ्यात उभ्या जागी दर पाच फुटांमागे एक फूट उंची. इथे बहुतेक जण उतरतात आणि सायकल ढकलतात. त्यात कमीपणा काहीच नाही. रेल्वेचं इंजिनसुद्धा हा चढ स्वतःच्या बळावर चढत नसे.

कारण ही रेल्वे होती. १८५०च्या दशकात रोझडेलच्या दरीत लोहखनिज सापडलं आणि १८६१ साली थेट माळावरून रूळ टाकले गेले. या उतारावर इंजिनं चालत नसत. जाड दोर आणि तो गुंडाळायचं मोठं पिंप बसवलेलं होतं. खनिजाने भरलेल्या वाघिणी स्वतःच्या वजनाने खाली उतरत आणि त्याच दोराने रिकाम्या वाघिणी वर खेचल्या जात. एकदा वर चढवलेली इंजिनं वर्षानुवर्षं वरच राहत, मोठी दुरुस्ती निघाली तरच खाली येत.

(चढ संपतो. कॅमेरा सपाट वाटेवर वळतो.)

आणि मग हे. जवळजवळ चारशे मीटर उंचीवर एक सपाट वाट. फार्नडेल दरीच्या माथ्याला वळसा घालत ती पुढे जाते, वळते, पुन्हा वळते, पण चढत नाही आणि उतरत नाही. वाफेच्या इंजिनाला चढ सोसत नाही, म्हणून बांधणाऱ्यांनी ओढे आले तिथे भराव घातले, टेकाडं आली तिथे ती कापली. आज पायडल मारताना जी सहजता वाटते, ती त्या मजुरांनी फावड्याने कमावलेली आहे. इथून जाताना मला दर वेळी त्यांची आठवण होते. हिवाळ्यात ही रेल्वे बर्फाखाली गाडली जायची आणि माणसं ती उकरून काढायची.

ब्लेकीच्या खिंडीपाशी फाटा फुटतो. १८६५ साली सुरू झालेली दुसरी शाखा रोझडेलच्या पूर्व अंगाला जाते. तिथे डोंगरात दगडी कमानींची एक रांग दिसते. लांबून एखाद्या मठाचे अवशेष वाटतात, प्रत्यक्षात त्या भट्ट्या आहेत. खनिज भाजून त्यातला ओलावा आणि वायू काढून टाकायचे, म्हणजे वजन घटायचं आणि वाहतुकीचा खर्च वाचायचा. मग तो माल डरहॅमच्या झोतभट्ट्यांकडे रवाना व्हायचा. खाणी १९२६ साली बंद पडल्या. तरी आणखी काही वर्षं, भट्ट्यांभोवती साचलेला भाजक्या खनिजाचा चुरा गोळा करून नेण्यासाठी गाड्या येत राहिल्या. १९२९मध्ये तेही संपलं आणि रूळ उखडले गेले. उरली ती ही वाट.

या कमानींपाशी थांबाच. सायकल टेकवा, हेल्मेट काढा आणि दरीत बघा. एवढ्या शांत जागी कधी काळी धूर, धडधड आणि शेकडो माणसांचं कष्टाचं आयुष्य होतं, हे पटायला वेळ लागतो.

(जंगल. उजेड अचानक कमी होतो.)

आता आवाज बदलला. ही जंगलातली वाट आहे, क्रॉप्टन आणि डॅल्बीच्या वनांमधली. रुंद, मधोमध किंचित फुगीर, दोन्ही बाजूंना चर. पाणी साचू नये म्हणून ही रचना, आणि रुंदी लाकूड वाहून नेणाऱ्या ट्रकसाठी. पहिलं महायुद्ध संपेपर्यंत ब्रिटनच्या जमिनीपैकी जेमतेम पाच टक्के भागावर जंगल उरलं होतं. खंदकांना आणि खाणींना लाकूड पुरवताना देशाची दमछाक झाली. म्हणून १९१९ साली वनीकरण आयोग नेमला गेला आणि अशा पठारांवर पाइन, स्प्रूस, लार्चच्या रांगाच्या रांगा लावल्या गेल्या. हे जंगल म्हणजे पीक आहे. ते कापलं जातं, पुन्हा लावलं जातं. लाकूडतोड चालू असल्याची पाटी दिसली तर मागे वळा, थोडं पुढे जाऊन बघू असं करू नका. वळणाआड लाकडाने भरलेला ट्रक असू शकतो.

सायकलबद्दल दोन शब्द. चाळीस मिलिमीटर किंवा त्याहून रुंद टायर, तेही ट्यूबलेस, म्हणजे हवा कमी ठेवता येते आणि टोकदार दगडांचा त्रास कमी होतो. चढासाठी हलका गिअर हवाच. बाकी सगळं आवडीवर.

(पुन्हा उघडा माळ. लाकडी खांबावर निळा बाण.)

हा निळा बाण नीट ओळखा. ही ब्रायडलवे, म्हणजे घोडेवाट. १९६८च्या कायद्याने इंग्लंड आणि वेल्समध्ये सायकलस्वारांना घोडेवाटांवरून जायचा हक्क मिळाला. त्याला अट आहे: चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यायची. पिवळा बाण असेल तर ती फक्त पायवाट, तिथे सायकलचा हक्क नाही. आणि माळावर मोकळेपणी फिरण्याचा जो हक्क २०००च्या कायद्याने दिला, तो पायी चालणाऱ्यांसाठी आहे. स्कॉटलंडमध्ये सायकलवाल्यांना यापेक्षा कितीतरी मोकळीक आहे.

पण कायदा बाजूला ठेवला, तरी वाट सोडून जाऊ नये याला आणखी मोठं कारण पायाखाली आहे. पीट म्हणजे हजारो वर्षं पाण्यात अर्धवट कुजत साचलेल्या वनस्पतींचा थर. त्यात कार्बन कोंडलेला असतो. ओल्या पीटवर टायरची एक चाकोरी पडली, की पुढच्या पावसात तिची नाली होते आणि माती वाहून जायला सुरुवात होते. वसंतात याच हीथरमध्ये आणि गवतात कर्लू, टिटवीच्या जातीचे लॅपविंग आणि गोल्डन प्लव्हर जमिनीवर अंडी घालतात. कर्लूची लांब, चढत जाणारी शीळ एकदा ऐकली, की तिच्यासाठी चार किलोमीटरचा वळसा जड वाटत नाही.

(काळी पडलेली जमीन. संगीत नाही.)

२०२५च्या ऑगस्टमध्ये लँगडेल मूरवर आग लागली. कोरड्या उन्हाळ्यात पीट वरून विझलं तरी आत धुमसत राहतं. दुसऱ्या महायुद्धात या माळांवर लष्कराचा सराव चाले. तेव्हाचा जमिनीत राहिलेला दारूगोळा आगीत फुटू लागला. अग्निशमन दलाबरोबर आसपासचे शेतकरी पाण्याच्या टाक्या घेऊन धावले. हीथर परत येईल. जळालेलं पीट आपल्या हयातीत भरून येणार नाही. म्हणून इथे स्टोव्ह नको, शेकोटी नको, सिगारेट तर नकोच.

(समुद्राचा आवाज.)

रेव्हन्स्करला माळ संपतो आणि थेट कड्याखाली समुद्र दिसतो. इथून व्हिटबीकडे जाणाऱ्या वाटेचं नाव सिंडर ट्रॅक. हीसुद्धा जुनी रेल्वे, १८८५ ते १९६५ अशी ऐंशी वर्षं चाललेली. स्कारबरो ते व्हिटबी, साधारण चौतीस किलोमीटर. रुळांखाली फोडलेल्या दगडाऐवजी इथे सिंडर, म्हणजे कोळशाची जळकी राख-खडी टाकली होती, त्यावरून हे नाव. काही टप्प्यांवर आता गुळगुळीत थर दिला आहे, आणि जुनी खडबडीत वाटच हवी असं म्हणणारे लोकही आहेत. मला खडी प्रिय आहे. तरीही व्हीलचेअरवरच्या माणसाला इथून समुद्र बघता येत असेल, तर तेवढा टप्पा गुळगुळीत झालेला मला चालेल.

रॉबिन हूड्स बे गावाची लाल छपरं मागे पडतात. शेवटी लारपूलचा पूल येतो, विटांच्या तेरा कमानी, खाली एस्क नदी. पुलाच्या मध्यावर सायकल थांबवली की टायरचा आवाज थांबतो. मग फक्त सीगल पक्षी आणि वारा. पलीकडे कड्यावर व्हिटबीच्या मठाचे उघडे खांब, आणि नदीतून एक होडी समुद्राकडे निघालेली.

(होडी दिसेनाशी होईपर्यंत दृश्य तसंच.)