शनिवारी खारं, रविवारी पांढरं

(लघु माहितीपटासाठी निवेदन)

[दृश्य : निळसर, अंधुक उजेड. दोन्ही बाजूंना उभे बर्फाळ डोंगर. मधल्या पाण्यावर चार कयाक. वल्ह्यांचा चुबुक-चुबुक आवाज.]

घड्याळात सकाळचे साडेअकरा वाजलेत. हा उजेड पहाटेचा वाटतो, पण तसा तो नाही. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात इथे दिवस म्हणून जे काही मिळतं, ते हेच. अजून दोन-अडीच तास असं निळं राहील, मग काळोख.

उत्तर नॉर्वेतलं ट्रॉम्सो शहर आर्क्टिक वृत्ताच्याही सुमारे ३५० किलोमीटर वर आहे. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य क्षितिजाखाली जातो आणि जानेवारीच्या मध्यापर्यंत तोंड दाखवत नाही. या काळाला इथले लोक ‘मॉर्केटीड’ म्हणतात, म्हणजे काळोखाचे दिवस. शहराला लागून क्वालोया नावाचं मोठं बेट आहे आणि त्याच्या पश्चिम अंगाला हा एर्सफ्योर्ड. फ्योर्ड म्हणजे डोंगरांमधून आत शिरलेली समुद्राची खाडी. सर्वांत मागे, जरा तिरकी चाललेली केशरी कयाक माझी.

मी मूळचा दाभोळचा. आमच्याकडे पावसाळा आला की होड्या वर ओढतात, झापांनी झाकतात, आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय कुणी पाण्यात घालत नाही. समुद्र काही महिने बंद असतो, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. त्यामुळे इथे आल्यावर पहिल्यांदा मी विचारलं होतं, “हिवाळ्यात तुमचा समुद्र कधी बंद होतो?” सगळे हसले. हा समुद्र बंदच होत नाही. अटलांटिकमधून वर येणारा उबदार प्रवाह नॉर्वेच्या किनाऱ्याला धरून इथवर पोचतो. साधारण याच अक्षांशावर ग्रीनलंडचा पूर्व किनारा वर्षातले बरेच महिने गोठलेला असतो, आणि इथलं बंदर भर थंडीत मोकळं. फ्योर्डच्या अगदी आतल्या टोकाला ओढ्यांचं गोडं पाणी वर तरंगतं, त्याची तेवढी पापुद्र्यासारखी साय धरते. कयाक त्यातून गेली की पापड मोडल्यासारखा आवाज येतो. ऐका.

[काही क्षण फक्त बर्फ मोडण्याचा आवाज.]

आता या चौघांबद्दल. पुढे आहे ती आमची सारंग, म्हणजे होड्यांची म्होरकी; मी तिला याच नावाने हाक मारतो. क्वालोयावरच वाढलेली, पोटासाठी लोकांना कयाकमधून फिरवते. तिच्या उजवीकडे माझा पुण्याचा मित्र, इथे विद्यापीठात शिकतो. आणि सारंगच्या अगदी चिकटून, वल्हं दोन्ही मुठींत आवळून बसलेली, ती माझ्या कचेरीतली मैत्रीण. ती नॉर्वेच्या आतल्या डोंगराळ भागातली. चालायला लागली तेव्हापासून स्कीवर उभी आहे, पण समुद्राला टरकते. मी खाडीकाठचा, बर्फाला टरकतो. तेव्हा आमच्यात सौदा ठरला : शनिवारी तिने आमच्याबरोबर पाण्यात यायचं, रविवारी आम्ही दोघांनी तिच्याबरोबर बर्फावर.

[दृश्य : लाकडी धक्का. ड्रायसूट चढवण्याची झटापट.]

हा ड्रायसूट. गळ्याला आणि मनगटांना लॅटेक्सच्या घट्ट पट्ट्या असतात, त्यातून डोकं बाहेर काढताना माणसाला आपला जन्म आठवावा. गंमत म्हणजे हा सूट ऊब देत नाही. तो फक्त पाणी आत येऊ देत नाही. ऊब देतात ते आतले लोकरीचे कपडे. चेन लावली की गुडघ्यात वाकून बसायचं, गळ्याची पट्टी बोटाने जरा उघडायची आणि आतली हवा फुस्सकन सोडायची. नाहीतर पाण्यात पडल्यावर पाय फुग्यासारखे वर येतात.

एवढा खटाटोप कशासाठी? कारण कपडे हवेकडे बघून घालायचे नसतात, पाण्याकडे बघून घालायचे असतात. आज पाणी चार अंशांच्या आसपास आहे. कॅनडातले प्राध्यापक गॉर्डन गीसब्रेख्त यांनी गार पाण्यात पडलेल्या माणसाचं गणित तीन आकड्यांत बसवलं आहे : एक, दहा, एक. पहिलं एक मिनिट श्वासाचं. थंडीच्या धक्क्याने माणूस आपोआप हापापून श्वास ओढतो. त्या वेळी तोंड पाण्याखाली असलं तर संपलं. म्हणून ते मिनिटभर दुसरं काही करायचं नाही, फक्त श्वास ताब्यात आणायचा. पुढची दहा मिनिटं हातांची. तेवढ्यात बोटं कामाची राहतात, मग मूठ वळत नाही. आणि शुद्ध हरपायला साधारण एक तास. थोडक्यात, गार पाण्यात माणूस गोठून जाण्याच्या कितीतरी आधी घाबरून आणि हात बधिर होऊन जातो.

हे सगळं सारंगने मैत्रिणीला धक्क्यावर उभं करून सांगितलं. आणि शेवटी म्हणाली, “म्हणून आधी उलटायला शिकायचं.”

कयाक मूळची इनुइट लोकांची. सीलचं कातडं लाकडाच्या सांगाड्यावर ताणून बसवायचं आणि त्यातून शिकारीला जायचं. ग्रीनलंडच्या गोठत्या समुद्रात उलटल्यावर होडीतून बाहेर पडणं म्हणजे मरणच, म्हणून त्यांनी आत बसल्या-बसल्या गिरकी घेऊन सरळ होण्याच्या कितीतरी तऱ्हा शोधल्या. आम्हा नवशिक्यांना ती गिरकी कुठून येणार! आम्हाला बाहेर पडायचं असतं. कमरेभोवतीचा स्कर्ट कयाकच्या कडेला ताणून बसवलेला असतो. उलटलं की पुढे वाकायचं, स्कर्टचा पुढचा पट्टा चाचपायचा, ओढायचा, आणि कयाक विजारीसारखी उतरवायची. उन्हाळ्यात मी हे बारा-पंधरा वेळा केलंय. मैत्रिणीने त्या शनिवारी साफ नकार दिला. “मी उलटणारच नाही,” म्हणाली. मग सारंगने तिला किनाऱ्याला चिकटून, गुडघाभर पाण्यापुढे जाऊच दिलं नाही.

[दृश्य : झाडांमधून गेलेली दिव्यांची रांग. खाली बर्फात कोरलेल्या दोन समांतर खाचा.]

आणि हा रविवार. ट्रॉम्सो शहर ज्या बेटावर आहे, त्याच्या कण्यावरून ही स्कीची वाट जाते. डोक्यावर दिवे, त्यामुळे काळोखाची तक्रार नाही. संध्याकाळी इथे आजोबा दिसतात, बाबागाडी स्कीवर चढवून ओढणाऱ्या आया दिसतात आणि चार वर्षांची पोरं माझ्या दोन्ही बाजूंनी सुळकन निघून जातात. शेवटच्या प्रकाराची सवय व्हायला वेळ लागतो.

ही डोंगरावरून घसरायची स्की नव्हे. इथे बुटाचा फक्त चवडा बांधलेला, टाच मोकळी. फळी अरुंद आणि मधे किंचित कमानीसारखी उचललेली. त्या कमानीखाली मेण घासतात : कडक थंडीला हिरवं, जरा कमी असेल तर निळं, शून्याच्या जवळ लाल. सगळं वजन एका पायावर दिलं की कमान दबते, मेण बर्फाला धरतं आणि मागे रेटा मिळतो. वजन काढलं की कमान उठते आणि फळी घसरते. ऐकायला सोपं आहे. पण नवशिक्या घाबरून वजन दोन्ही पायांवर वाटून ठेवतो, आणि मग धड धरतही नाही, धड घसरतही नाही.

मी असाच अर्धा तास जागच्या जागी पाय घासत होतो. पुण्याच्या मित्राला मात्र एकदम जमलं. “लंगडी रे,” तो ओरडला. “लंगडी घालायची, फक्त दर उडीला पाय बदलायचा!” त्याने ते मैत्रिणीलाही करून दाखवलं. भर बर्फात, स्की काढून, आखडलेल्या पायाने. तिला ते इतकं पटलं की तीही लंगडी घालायला लागली.

चढ आला की फळ्यांची टोकं बाहेर फाकवून चढायचं. मागे उमटलेल्या खुणांना इथे ‘माशाचा काटा’ म्हणतात. हा शब्द मला लगेच कळला. उतारावर टोकं आत वळवून, टाचा बाहेर ढकलून वेग मारायचा, त्याला म्हणतात ‘प्लोग’, म्हणजे नांगर. ती म्हणाली, “नांगर धर!” आता कोकणातल्या माणसाला नांगर म्हटलं की शेत नंतर, आधी होडीचा नांगर आठवतो. माझ्या डोक्यात तो दोरासकट खाली गेला आणि मी त्याच्या मागोमाग.

[दृश्य : पडणे. पुन्हा पडणे. मागे कुणीतरी मोजत आहे.]

सतरा वेळा. मोजणारी तीच. पडायचीही रीत आहे : तोल जातोय असं वाटलं की काठ्यांवर रेलायचं नाही, कूस धरून बाजूला बसायचं. उठताना फळ्या उताराला आडव्या करायच्या, नाहीतर उठता-उठता माणूस पुढच्या प्रवासाला निघतो. सतराव्या वेळी मी उठलोच नाही, तसाच पडून राहिलो. तीही शेजारी बसली, संत्रं सोलून अर्धं मला दिलं, आणि बराच वेळ गप्प राहून म्हणाली, “तुला पडताना भीती वाटत नाही?”

मी म्हटलं, “पहिल्या चार वेळा वाटली.”

[दृश्य : पुढचा शनिवार. तोच धक्का. वारा नाही.]

त्या आठवड्यात संक्रांत होती. आईने पाठवलेला तीळगूळ मी डब्यात घालून आणला होता. शून्याखाली तो दगड होतो, दाताखाली नाही, गालात धरायचा. इथला सूर्य नेमका याच सुमाराला क्षितिजाशी येतो, पण दक्षिणेचे डोंगर आडवे येतात, म्हणून शहरात तो २१ जानेवारीच्या आसपास दिसतो. त्या दिवशी इथे घरोघरी ‘सूर्याचे पाव’ खातात, जॅम भरलेले, तळलेले. तोवर आमचं तीळगुळावर भागलं.

मैत्रिणीने काही न सांगता कयाक कमरेएवढ्या पाण्यात नेली. सारंग शेजारी पाण्यात उभी राहिली. मी धक्क्यावर, हातात दोर. तिने श्वास घेतला, पुढे वाकली आणि कलंडली.

[दृश्य : उलटी कयाक. पाण्यावर फक्त तिचा तांबडा तळ. एक. दोन. तीन. चार.]

मग डोकं वर आलं. तोंडातून जे शब्द बाहेर पडले, ते या माहितीपटात ठेवलेले नाहीत. मिनिटभर ती फक्त श्वास घेत होती, शिकवल्याप्रमाणे. मग कयाकच्या कडेला लटकून माझ्याकडे बघत म्हणाली, “एक.”

सोळा बाकी आहेत, असा तिचा हिशोब. या शनिवारी वारा सेकंदाला अकरा मीटर सांगितलाय, म्हणजे पाण्यात जाणं नाही. नॉर्वेच्या डोंगरी नियमांतला आठवा नियम सांगतो की वेळेत मागे फिरा, त्यात लाज नाही. तेव्हा ड्रायसूट न्हाणीघरात टांगलेलाच आहे. मी निळं मेण काढून ठेवलंय.

[दृश्य : दिव्यांच्या वाटेवर तिघे स्कीवर. चौथी, सारंग, पहिल्या वळणावर आडवी.]