मानशीचं दार

(दृश्य : पहाट. गोव्यातल्या दिवाडी बेटावरची खाजन शेती, नदीच्या खाऱ्या पाण्यापासून बांधाने राखलेली. ओहोटी लागली आहे. मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाणमोरीच्या, लाकडी दारांतून शेतातलं पाणी नदीत पडतंय. काही क्षण फक्त तो आवाज.)

नदीकाठी वाढलेल्या माणसाला हा आवाज कुणी ओळखून द्यावा लागत नाही. ओहोटी लागली की मानशीची दारं नदीच्या बाजूला उघडतात आणि शेतातलं पाणी बाहेर जातं. भरती चढू लागली की नदीचं पाणीच त्यांना दाबून मिटवतं. एका दिशेला वाट, दुसऱ्या दिशेला मज्जाव.

हृदयात अशी चार दारं आहेत. त्यांना झडपा म्हणतात. छातीवर नळी ठेवल्यावर ऐकू येणारी ती जोडीची ‘लब्-डब्’ म्हणजे ही दारं मिटण्याचा आवाज.

आज मात्र आपण बोलणार आहोत बांधाबद्दल, म्हणजे हृदयाच्या कप्प्यांमधल्या पडद्याबद्दल. दारं शाबूत आहेत, पण बांधालाच भगदाड आहे, त्याबद्दल.

(दृश्य : नार्वेची धक्क्याला लागणारी फेरीबोट. दुचाक्या, शाळेची मुलं, पदराखाली तान्हं मूल घेतलेली एक बाई.)

डिचोली तालुक्यातलं नार्वे. या घरातल्या मुलीचं नाव आपण घेणार नाही. तिला बाय म्हणू. इथे प्रत्येक मुलीला कधी ना कधी बाय म्हणतातच.

बायचा जन्म म्हापशाचा. वजन दोन किलो आठशे, रडली जोरात, तिसऱ्या दिवशी घरी. तपासणारे डॉक्टर म्हणाले, सगळं ठीक. ते खोटं बोलले नव्हते, चुकलेही नव्हते. हे आधीच सांगायला हवं, कारण पुढे नातेवाइकांत पहिला वाद यावरूनच झाला : “जन्मली तेव्हा कुणाला कळलं कसं नाही?”

कळत नाही, ते असं. पोटात असताना बाळ फुप्फुसांनी श्वास घेत नाही. तिथल्या रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात, त्यामुळे हृदयाच्या उजव्या बाजूचा दाबही डाव्या बाजूइतकाच असतो. जन्मानंतर तो उतरायला काही आठवडे लागतात. दोन्ही बाजूंना पाणी सारखंच असेल तर भगदाडातून धार वाहणार कशी? आणि धार नाही, तर आवाज नाही.

सहा आठवड्यांनी बायला लस टोचायला आरोग्य केंद्रात नेलं. तोवर उजवीकडचा दाब उतरला होता. तिथल्या दोतोरांनी छातीवर नळी ठेवली, काढली, परत ठेवली. आईला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. लब् आणि डब् यांच्या मधल्या जागेत तिसरंच काही तरी होतं. लांब, खरखरीत, वाऱ्यासारखं. डॉक्टरी भाषेत मर्मर.

आजीला मात्र हे आधीच ठाऊक होतं. मर्मर नव्हे, दुसरं. “दूध ओढते आणि मध्येच सोडते. कपाळ घामानं थबथबतं. एवढ्याशा पोरीला दूध पिताना घाम कसला?” घरच्यांनी वैशाखाकडे बोट दाखवलं. बरोबर आजी होती. तान्ह्या मुलाचं दूध पिणं म्हणजे मोठ्या माणसाने जिना चढणं. तेवढ्या कष्टाला हृदय पुरेना झालं की बाळ दमतं, घामेजतं, भराभर श्वास घेतं आणि अर्धपोटी झोपी जातं. वजन वाढत नाही. सर्दी झाली की थेट छातीत उतरते.

(दृश्य : दिवाडी ते जुने गोवे फेरी. नंतर बांबोळीची चढण.)

दोन फेऱ्या ओलांडून बांबोळी. उत्तर गोव्यात ‘बांबोळीला नेलं’ एवढं म्हटलं की गोवा मेडिकल कॉलेज असा अर्थ आपोआप निघतो. या संस्थेची मुळं 1842 मध्ये पणजीत पोर्तुगीजांनी सुरू केलेल्या वैद्यकीय शाळेत आहेत, हे बाहेर बाकावर ताटकळणाऱ्याला कुणी सांगत नाही, आणि सांगितलं तरी त्या वेळी ते कानात शिरत नाही.

इको झाला. पोटावर फिरवतात तीच सोनोग्राफी, पण हृदयाची. स्क्रीनवर लाल-निळे रंग. डाव्या आणि उजव्या खालच्या कप्प्यांमधल्या पडद्यात आठ मिलीमीटरचं छिद्र. डॉक्टर याला व्हीएसडी म्हणतात. जन्मजात हृदयदोषांत हाच सर्वांत जास्त आढळतो. छिद्र वरच्या दोन कप्प्यांमध्ये असेल तर एएसडी.

‘हृदयाला भोक आहे’ या वाक्याशी माझं भांडण आहे. ते ऐकलं की माणसाच्या डोळ्यांसमोर फुटकी घागर येते, रक्त छातीत सांडतंय असं वाटतं. बायच्या वडिलांना दोन दिवस तेच वाटत होतं. रक्त बाहेर कुठेच जात नाही. डाव्या बाजूचं शुद्ध रक्त, जे अंगभर जायला हवं, ते भगदाडातून उजवीकडे शिरतं आणि पुन्हा फुप्फुसांत जातं. तिथून परत डावीकडे, परत भगदाडातून. शरीराला एक वाटा, तर फुप्फुसांना दोन-तीन. हृदय दिवसरात्र तेच पाणी तिथल्या तिथे उपसत बसतं.

नुकसान होतं ते फुप्फुसांचं. बांध फुटल्यावर बांधाचं काय बिघडतं? बिघडतं शेताचं. खारं पाणी साचून राहिलं की जमीन मिठावते. वेळेवर बांध घातला, पावसाने मीठ धुऊन नेलं, तर भात परत येतो. फार काळ तसंच राहिलं तर नाही.

आणि इथे तो आवाज फसवतो. नळीच्या तोंडावर अंगठा धरला की पाणी सुसाट, आवाज करत येतं. तसंच लहान छिद्राचा आवाज बहुतेकदा मोठा असतो. अशी कितीतरी लहान छिद्रं, विशेषतः पडद्याच्या स्नायूतली, आपोआप मिटतात, डॉक्टर नुसती नजर ठेवतात. मोठ्या छिद्राचा आवाज मवाळ. आणि वर्षानुवर्षं जास्तीचं रक्त झेलून फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या जाड, ताठ झाल्या, की दोन्ही बाजूंचा दाब पुन्हा सारखा होतो आणि आवाज विरतो. घरचे म्हणतात, “बरं झालं, डॉक्टरला आता काही ऐकू येत नाही.” त्यानंतर प्रवाह उलटतो, अशुद्ध रक्त अंगभर जातं, ओठ-नखं निळी पडतात. 1897 मध्ये व्हिक्टर आयझेनमेंगर या व्हिएन्नाच्या डॉक्टराने अशाच एका 32 वर्षांच्या पुरुषाची हकिगत लिहून ठेवली. आजही त्या अवस्थेला त्याचंच नाव आहे. तिथे पोचलेल्या माणसाचं छिद्र बुजवता येत नाही. तेच एक वाफ जायचं भोक उरलेलं असतं, ते बुजवलं तर उजवी बाजू कोलमडते.

म्हणून घाई. ‘थोडी मोठी होऊ दे, मग बघू’ हा सल्ला मायेपोटी येतो, पण मोठ्या छिद्राच्या बाबतीत तो घातक.

(दृश्य : घराची ओसरी. आई बोंडल्याने दूध पाजते आहे.)

बायच्या आईला एकच प्रश्न छळत होता. तो तिने कॅमेऱ्यासमोर विचारला नाही, कॅमेरा बंद झाल्यावर विचारला. “ग्रहणात मी भाजी चिरली होती. त्यामुळे?”

नाही. हृदयाचे पडदे गर्भाच्या आठव्या आठवड्यापर्यंत तयार होतात. बहुतेक बायकांना दिवस राहिल्याची खात्री होईस्तोवर ते काम अर्ध्याहून अधिक झालेलं असतं. गरोदरपणातला जर्मन गोवर, आटोक्यात नसलेला मधुमेह, काही औषधं, डाऊन सिंड्रोमसारखे गुणसूत्रांचे दोष, ही काही ठाऊक असलेली कारणं. बहुतेक घरांत यांतलं एकही सापडत नाही. शंभरातल्या जवळजवळ एका बाळाला कुठला ना कुठला जन्मजात हृदयदोष असतो. विळी-सुरीचा त्याच्याशी संबंध नाही.

पैशांचं थोडक्यात. गोव्यात 2016 पासून उपचारांचा खर्च उचलणारी दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. किमान पाच वर्षं राहणाऱ्या कुटुंबासाठी. तीन माणसांपर्यंत अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर चार लाख. अंगणवाडीत आणि शाळेत जन्मजात दोष शोधणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमही आहे. कार्ड, झेरॉक्स, सही, पुन्हा झेरॉक्स. बायच्या काकांनी तो किल्ला लढवला.

आजीने सप्तकोटेश्वराला गाऱ्हाणं घातलं. तो देवही मूळचा दिवाडीचा, नदी ओलांडून नार्वेला आलेला.

(दृश्य : चोर्ल्याचा घाट. धुकं. गाडीच्या काचेवर पाणी.)

औषधांनी वजन जेमतेम साडेचार किलोवर आणलं आणि पाचव्या महिन्यात शस्त्रक्रिया ठरली. घाटापलीकडे, बेळगावात.

एवढ्या बाळाच्या अंगात रक्त किती? चारशे मिलिलीटरही नाही. चहाचे तीन-चार पेले. हृदय तिच्या मिटलेल्या मुठीएवढं. त्याला थांबवायचं, उघडायचं, आत शिवण घालायची आणि परत चालू करायचं.

हे कधी काळी अशक्य मानलं जात होतं. 6 मे 1953 रोजी फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी स्वतः घडवलेल्या हार्ट-लंग मशीनवर, म्हणजे हृदय थांबलं असताना हृदयाचं आणि फुप्फुसांचं काम करणाऱ्या यंत्रावर, एका तरुणीचं एएसडी बंद केलं. पण मला थांबवतो तो पुढच्या वर्षीचा मार्च. 26 मार्च 1954, मिनेसोटा. सर्जन वॉल्टन लिलेहाय. यंत्रच नाही. त्यांनी एका लहानग्याच्या शेजारच्या टेबलावर त्याच्या वडिलांना झोपवलं आणि दोघांच्या रक्तवाहिन्या नळ्यांनी जोडल्या. मुलाचं हृदय उघडं असताना बापाचं हृदय दोघांसाठी चाललं. व्हीएसडी शिवला गेला. अकराव्या दिवशी मूल न्यूमोनियाने गेलं. शिवण शाबूत होती. या पद्धतीने पुढे एकूण 45 शस्त्रक्रिया झाल्या, बहुतेक वेळा आई नाहीतर बाप शेजारी झोपून.

बायचे वडील हे ऐकून म्हणाले, “आजही झोपलो असतो.” मग गप्प झाले.

(दृश्य : शस्त्रक्रियागृहाचं बंद दार. घड्याळ.)

आत काय होतं ते सांगतो. छातीचं मधलं हाड उभं कापतात. रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन देतात. अंगातून हृदयाकडे येणारं रक्त नळ्यांनी यंत्राकडे वळवतात, यंत्र त्यात प्राणवायू मिसळून ते महाधमनीत परत सोडतं. मग पोटॅशियमयुक्त थंड द्रावण हृदयाच्या रक्तवाहिन्यांत सोडतात. हृदय सैल पडून थांबतं. उजवा वरचा कप्पा उघडून, झडपेच्या पाकळ्या बाजूला सारून, सर्जन खाली बघतो. भगदाड तिथे असतं.

ठिगळ कधी कृत्रिम कापडाचं, कधी हृदयाभोवतीच्या आवरणातून कापलेलं. बायला तिचंच ठिगळ लावलं. दोरा केसाएवढा. छिद्राच्या खालच्या काठाजवळून हृदयाचे ठोके वाहून नेणारी तंतूंची जुडी जाते. ती डोळ्यांना दिसत नाही. ती कुठून जाते हे माहीत असावं लागतं. टाका तिच्यात गेला तर ठोक्यांची वाट तुटते आणि मुलाला पेसमेकर, म्हणजे हृदयाला ठोके देणारं विजेचं यंत्र, लागतो. लिलेहाय यांच्या काळी हेच होत असे. तेव्हाचे पेसमेकर भिंतीतल्या विजेवर चालत. वीज गेली की संपलं. त्यातून 1957 मध्ये अर्ल बाकेन यांनी अंगावर बाळगता येईल असा बॅटरीवरचा पेसमेकर बनवला.

सगळ्यांचंच हाड कापावं लागत नाही. वरच्या पडद्यातलं एएसडी योग्य जागी असेल, काठ पुरेसे असतील, तर जांघेतल्या शिरेतून तार नेऊन निकेल-टायटेनियमच्या जाळीचं उपकरण बसवतात. घरचे त्याला ‘छत्री’ म्हणतात. आत जाताना मिटलेली, जागेवर उघडते. बायच्या छिद्राला छत्री चालणार नव्हती.

साडेचार तासांनी दार उघडलं. सर्जनने एकच वाक्य सांगितलं : “हृदय आपलं आपण सुरू झालं.”

(दृश्य : नार्वेचं घर. दोरीवर लंगोट. बायच्या छातीवरची उभी, गुलाबी रेघ.)

पहिले सहा आठवडे घरात एकच कायदा. बायला बगलेत हात घालून उचलायचं नाही. हाड तारांनी बांधलंय, ते जुळायचंय. एक हात ढुंगणाखाली, एक मानेखाली, असं ओंजळीत घेतल्यासारखं. हा कायदा आजीने पाळला आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून पाळून घेतला. बारशाला राहिलेले पाहुणे आले, तेव्हा ती दारातच बसली होती.

सहा महिन्यांनी ठिगळावर हृदयाचं स्वतःचं अस्तर चढतं. तोवर जंतुसंसर्गाची काळजी जास्त. दात आले की दातांचीही, कारण हिरड्यांतले जंतू रक्तावाटे हृदयात पोचतात.

शेवटच्या तपासणीला आम्ही बरोबर होतो. डॉक्टरांनी नळी ठेवली, बराच वेळ ऐकलं आणि मग कानातून काढून आजीच्या कानांना लावली. आजीने डोळे मिटले.

“काय ऐकू येतं?”

“दार मिटल्यासारखं,” ती म्हणाली. “दोनदा.”

बायने तिच्या हातातली नळी ओढून तोंडात घातली होती. आईने ती काढून घेतली, तेव्हा ती एवढ्या मोठ्याने रडली की पुढचं काही रेकॉर्ड झालं नाही.