नाशिकरोडचा रुपया, वॉशिंग्टनचा डॉलर

(दृश्य: नाशिकरोड, सकाळ. छापखान्याच्या फाटकातून आत जाणारे कामगार.)

निवेदन:
नाशिकरोडला कुणी ‘आमचे वडील प्रेसमध्ये होते’ म्हणालं, तर ते पत्रकार असतील असं इथं कुणाच्या मनातही येत नाही. प्रेस म्हणजे नोटांचा छापखाना. १९२८ पासून इथं नोटा छापल्या जातात.

पण १९५७ साली देशाला पडलेली चणचण या यंत्रांना भागवता येणारी नव्हती. दुसरी पंचवार्षिक योजना चालू होती. कारखान्यांची यंत्रसामग्री परदेशातून यायची, पैसे डॉलर-पौंडांत मोजावे लागायचे आणि गंगाजळी आटत चालली होती.

मदत करणारे होते, पण ज्याची त्याची वेगळी चूल. राउरकेलाचं पोलाद पश्चिम जर्मनीकडे, भिलाई सोव्हिएत संघाकडे, दुर्गापूर ब्रिटनकडे.

(दृश्य: जुनी कृष्णधवल चित्रफीत.)

ऑगस्ट १९५८. जागतिक बँकेनं वॉशिंग्टनला अमेरिका, ब्रिटन, पश्चिम जर्मनी, जपान आणि कॅनडा यांना एकत्र बसवलं. ‘एड इंडिया कन्सॉर्शियम’, म्हणजे भारताला मदत देणाऱ्यांचा गट. सोव्हिएत संघ मात्र बाहेरच. आपल्या ओझरचा मिग विमानांचा कारखाना उभा राहिला, तो त्याच्याशी झालेल्या स्वतंत्र व्यवहारातून.

कोण किती देणार हे आता एकाच बैठकीत कळू लागलं. दिल्लीला तो मोठाच आधार होता. पण सावकार वेगवेगळे असले, की एकाला थोपवून दुसऱ्याचं दार ठोठावता येतं. ते सगळे एकाच ओसरीवर बसले की?

६ जून १९६६. जागतिक बँक, नाणेनिधी, अमेरिका, सगळ्यांचा एकच धोशा: रुपया उतरवा. ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर साडेसात रुपयांना झाला. नाशिकरोडच्या नोटेवर यातलं काहीच उमटलं नाही. तोच कागद, तोच आकडा.

(दृश्य: पॅरिस.)

२००५ मध्ये मदत देणाऱ्या-घेणाऱ्या देशांच्या पॅरिस जाहीरनाम्यात ठरलं, की योजना मदत घेणाऱ्या देशाची असावी आणि देणाऱ्यांनी तिच्या मागून चालावं. त्याच वर्षी एकट्या व्हिएतनाममध्ये मदत देणाऱ्यांची ७९१ पथकं येऊन गेली. दिवसाला दोनाहून जास्त! तिथले अधिकारी काम कधी करत असतील, देव जाणे.

भारतानं त्याआधीच, २००३ मध्ये, छोट्या देणाऱ्या देशांना सांगून टाकलं होतं: सरकारला नको, द्यायचं तर स्वयंसेवी संस्थांना द्या. त्यांच्यातल्या अनेकांची जुनी कर्जंही मुदतीआधी फेडली.

(दृश्य: संध्याकाळ. प्रेसचं फाटक, बाहेर पडणारे कामगार.)

ती कर्जं फेडली, परकीय चलनात.